रेपो पब्लिक करण्याआधी आणि केल्यावर

ओपन सोर्स म्हणवणारे कितीतरी प्रकल्प सहा-सहा महिन्यांनी कोडची झिप फाइल वेबसाइटवर टाकतात आणि मोकळे होतात. लायसन्स चोख असतं, कोड कुणीही घ्यावा, बदलावा. रोजचं काम मात्र चालतं ते कंपनीच्या किंवा चार मित्रांच्या खासगी रेपोत, म्हणजे कोड आणि त्यातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या रिपॉझिटरीत. बाहेरच्या माणसाच्या हाती पडतो तो शिळा कोड. त्याने रात्र जागून एखादी चूक दुरुस्त करून पाठवावी, तर उत्तर येतं, "हे आम्ही मागच्याच महिन्यात बदललंय, पुढच्या रिलीजमध्ये येईल." तो माणूस पुन्हा फिरकत नाही. आणि मेन्टेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारी मंडळी, हळहळत राहतात की आपल्याकडे कुणी कॉन्ट्रिब्यूट करत नाही.

हे दुखणं जुनं आहे. ग्नू प्रकल्पाचा जीसीसी कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर) नव्वदच्या दशकात असाच चालायचा. सोर्स सगळ्यांसाठी खुला, पण विकासाची रिपॉझिटरी मोजक्यांच्या हाती. पेंटियमसाठीच्या सुधारणा, फोरट्रानचं काम, सी प्लस प्लसमधल्या दुरुस्त्या बाहेर वेगवेगळ्या फोर्कमध्ये, म्हणजे मूळ कोडपासून फुटलेल्या स्वतंत्र प्रतींत, साचत गेल्या. शेवटी ऑगस्ट १९९७मध्ये काही डेव्हलपरांनी ईजीसीएस नावाचा फोर्क जाहीर केला, त्याची सीव्हीएस (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं त्या काळचं साधन) रिपॉझिटरी सगळ्यांना वाचायला खुली ठेवली आणि हे विखुरलेलं काम एका जागी आणलं. एप्रिल १९९९मध्ये ग्नू प्रकल्पामागच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने हा फोर्कच अधिकृत जीसीसी म्हणून स्वीकारला. त्याच्याही आधी, १९९५मध्ये थिओ डी राट यांनी नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पातून बाहेर पडून ओपनबीएसडी हा वेगळा प्रकल्प सुरू केला, तेव्हा खातं नसलेल्या कुणालाही रोजचे बदल वाचता येतील असा सीव्हीएस सर्व्हर उभा केला. त्या काळात ही चाल नवीच होती.

उलटं उदाहरणही समोर आहे. अँड्रॉइडचा सोर्स खुला आहे, पण मार्च २०२५मध्ये गूगलने सांगून टाकलं की यापुढे त्याचं सगळं डेव्हलपमेंट अंतर्गत ब्रँचमध्ये (कोडच्या वेगळ्या शाखेत) होईल आणि कोड रिलीजसोबत बाहेर येईल. गूगलकडे पगारी फौज आहे, त्यांना हे परवडतं. ज्या प्रकल्पाला माणसं हवी आहेत त्याला नाही.

म्हणून हा लेख 'कोड पब्लिक कसा करावा' यावर नाही. ते सेटिंग्जमधलं एक बटण आहे. काम जिथे होतं ती जागा उघडायची कशी, यावर आहे. उदाहरणापुरता एक काल्पनिक प्रकल्प धरू: जुन्या डीटीपी फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारा कन्व्हर्टर. तिघांनी मिळून लिहिलेला, दोन वर्षं खासगी रेपोत वाढलेला.

पहिला प्रश्न: उघडल्यावर तुम्ही स्वतः कुठे काम करणार?

उत्तर "त्याच रेपोत" असेल तरच पुढे वाचा. खासगी रेपोत काम करून दर शुक्रवारी पब्लिक रेपोत एक गठ्ठा कमिट (नोंदवलेला बदल) ढकलायचा, हा मधला मार्ग फार जणांना मोहात पाडतो. त्याने काहीच साधत नाही. बाहेरच्या माणसाला कारण दिसत नाही, चर्चा दिसत नाही. त्याची पुल रिक्वेस्ट (माझा बदल घ्या अशी विनंती) आली की ती आधी आतल्या रेपोत घाला, मग बाहेर आणा, असा दुहेरी कारभार सुरू होतो आणि महिन्याभरात सगळे कंटाळतात.

ठरवायचं ते एवढं: अमुक तारखेपासून मुख्य ब्रँच एकच, ती पब्लिक. जुना खासगी रेपो त्या दिवशी फक्त वाचण्यापुरता करून ठेवायचा. ग्राहकासाठीचा खास भाग असेल, सर्व्हरच्या डिप्लॉयमेंटच्या फाइल्स असतील, तर तेवढ्याच वेगळ्या खासगी रेपोत हलवा. मूळ इंजिनची दुसरी प्रत आत ठेवू नका.

कोड तुमचाच आहे ना?

कंटाळवाणी पायरी, पण वगळता येत नाही. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ म्हणतं की नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याचा. शिवाय आयटी कंपन्यांच्या ऑफर लेटरमध्ये बौद्धिक संपदेचं कलम बहुधा असतंच, आणि काही ठिकाणी ते घरी, सुट्टीच्या दिवशी लिहिलेल्या कोडलाही कवेत घेतं. ते काढून वाचा. शंका असेल तर मॅनेजरला तोंडी विचारू नका. ईमेल करा आणि लेखी होकार जपून ठेवा. कॉलेजचा प्रोजेक्ट असेल तर संस्थेचं धोरण पाहा. तिघांनी लिहिलंय, तर तिघांचा लेखी होकार हवा, त्यातला एक जण आता परदेशी असला तरी. नंतर लायसन्स बदलायची वेळ आली तर हाच होकार पुन्हा लागणार आहे.

इतिहासाची झडती

इथे घाई करू नका.

गिटमध्ये, म्हणजे रेपोतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, आजची फाइल पुसली तरी कालची राहते. पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइल दीड वर्षापूर्वी चुकून कमिट झाली आणि दहा मिनिटांत काढली, तरी ती इतिहासात बसलेली असते, आणि पब्लिक रेपोतल्या चाव्या (पासवर्ड, टोकन) शोधत फिरणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, असतात. म्हणून क्रम असा ठेवा.

सगळ्यात आधी चाव्या बदला. क्लाउडच्या की, डेटाबेसचे पासवर्ड, एसएमएस गेटवेचं टोकन, जे जे कधी रेपोला शिवलं असेल ते रद्द करून नवं घ्या. इतिहास साफ करणं हे त्यानंतरचं काम. चावी बदलली नसेल तर साफसफाईला अर्थ नाही. मग गिटलीक्स किंवा ट्रफलहॉगसारखं टूल संपूर्ण इतिहासावर चालवा, नुसत्या ताज्या फाइल्सवर नाही. सापडलेलं काढायला गिट-फिल्टर-रेपो वापरा, आणि ते नेहमी वेगळ्या क्लोनवर (रेपोच्या पूर्ण प्रतीवर). यात कमिटचे हॅश (ओळखक्रमांक) बदलतात, त्यामुळे जुन्या क्लोनमधून कुणी पुश केलं, म्हणजे बदल वर पाठवले, की काढलेली घाण परत येते. सगळ्यांनी जुने क्लोन बाजूला ठेवून नव्याने क्लोन करायचं, हे टीमला आधी सांगा.

टूलला न सापडणारा माल हाताने शोधावा लागतो. आपल्या कन्व्हर्टरच्या टेस्ट फोल्डरमध्ये काय असेल? डीटीपीवाल्याकडून नमुना म्हणून आणलेल्या लग्नपत्रिका, त्यात 'आपले नम्र' खाली तीन मोबाइल नंबर. वकिलाने छापायला दिलेल्या जमिनीच्या जाहीर नोटिसा, गट नंबर आणि मालकांच्या नावांसकट. वर्तमानपत्राचं एखादं न छापलेलं पान. टेस्टसाठी हा मजकूर उत्तम असतो, कारण तो खरा असतो, आणि नेमकं म्हणूनच तो पब्लिक करता येत नाही. बसून तसाच अवघड, पण बनावट मजकूर लिहा. जोडाक्षरं तीच, माणसं काल्पनिक.

त्याच फोल्डरमध्ये विकत घेतलेल्या फॉन्टच्या टीटीएफ फाइल्सही सापडतील. त्या वाटायचा हक्क तुम्हाला नाही. कन्व्हर्टरला त्या लागतही नाहीत. त्याला लागतो तो कुठल्या कोडला कुठलं अक्षर याचा तक्ता. युनिकोड मजकूर दाखवायला खुल्या लायसन्सचा फॉन्ट घ्या. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतात.

नेटस्केपने जानेवारी १९९८मध्ये ब्राउझरचा सोर्स खुला करणार असं जाहीर केलं आणि ३१ मार्चला तो बाहेर आला. मधल्या दोन महिन्यांत मुख्य काम होतं ते हेच. दुसऱ्या कंपन्यांकडून घेतलेला कोड उचकटून काढणं, अमेरिकेच्या निर्यात नियमांमुळे एन्क्रिप्शनचा भाग वेगळा करणं, कमेंटमधली शिवीगाळ पुसणं. तुमचा कोड त्याच्या शतांश असेल, पण यादी तीच. कमिट मेसेजही एकदा वाचून काढा. 'या क्लायंटला अक्कल नाही' असा मेसेज क्लायंटच्या नावासकट पडलेला असतो.

आता कळीचा निर्णय: जुना रेपो पब्लिक करायचा की नवा काढायचा? माझं मत नव्या रेपोच्या बाजूने आहे. गिटहब या रेपो ठेवायच्या साइटवर खासगी रेपो पब्लिक केला की जुने इश्यू (चुका-सूचनांच्या नोंदी), पुल रिक्वेस्ट आणि ॲक्शन्सचे (आपोआप चालणाऱ्या कामांचे) लॉगसुद्धा जगाला दिसू लागतात. त्यातही इतिहास साफ करून पुश केला तरी जुन्या पुल रिक्वेस्टना चिकटलेले कमिट सर्व्हरवर तसेच राहतात; ते तुम्हाला बाहेरून पुसता येत नाहीत. साफ केलेला इतिहास नव्या, कोऱ्या रेपोत ढकलला की हा सगळा प्रश्न मिटतो.

पण इतिहासच नको, एकाच कमिटने सुरुवात करू, असं मात्र शक्यतो करू नका. अनोळखी माणूस विचित्र दिसणारी ओळ पाहतो तेव्हा ती कुणी, कधी, कशासाठी लिहिली हे ब्लेमवर (प्रत्येक ओळीचा लेखक दाखवणाऱ्या सोयीत) दिसलं तर त्याला उत्तर मिळतं. नाहीतर प्रत्येक वेळी तो तुम्हाला विचारणार, आणि तुम्हालाही आठवणार नाही.

लायसन्स, थोडक्यात

लायसन्सची फाइल नसेल तर कोड पब्लिक असूनही कुणाला तो वापरायचा हक्क नाही. सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात. जाणकार कॉन्ट्रिब्यूटर अशा रेपोला हात लावत नाही.

निवड फार ताणू नका. कुणीही कुठेही वापरावं असं वाटत असेल तर एमआयटी. पेटंटबद्दल स्पष्ट शब्द हवे असतील तर अपाची २.०. सुधारणा करून वाटणाऱ्याने त्याही खुल्या ठेवाव्यात असं वाटत असेल तर जीपीएल, आणि सर्व्हरवर चालवणाऱ्यालाही तो नियम लावायचा असेल तर एजीपीएल. मुंबईच्या फ्रापे कंपनीने ही विभागणी डोक्याने केली आहे: ज्यावर इतरांनी आपली ॲप्स उभारावीत ते फ्रेमवर्क एमआयटीखाली आणि त्यावरचं ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय सांभाळायचं सॉफ्टवेअर जीपीएल ३खाली. एक मात्र करू नका: स्वतःचं लायसन्स स्वतः लिहू नका.

कॉन्ट्रिब्यूटरकडून सह्या घ्यायच्या का? कॉपीराइटच तुमच्या नावे करून मागणारा करार समोर ठेवलात तर टायपो सुधारायला आलेला माणूस तिथूनच मागे वळतो. लिबरऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरच्या मंडळींनी २०१०मध्ये ओपनऑफिसपासून वेगळं होताना कॉपीराइट लिहून द्यायची ही अट काढून टाकली. लिनक्स कर्नलमध्ये २००४पासून साधी पद्धत आहे: कमिटखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी एक ओळ, म्हणजे हा बदल द्यायचा मला हक्क आहे असं लिहिणाऱ्याचं सांगणं. छोट्या प्रकल्पाला तेवढं पुरतं.

परक्या लॅपटॉपवर बिल्ड

माझ्या मते कॉन्ट्रिब्यूटर मिळतात की नाही हे बहुतेक इथेच ठरतं. रीडमी (रेपोची ओळख सांगणारी फाइल) कितीही सजवा, कोड क्लोन केल्यापासून अर्ध्या तासात टेस्ट हिरव्या, म्हणजे यशस्वी, झाल्या नाहीत तर नवखा माणूस टॅब बंद करतो. नेटस्केपचा सोर्स आला तेव्हा युनिक्सवर तो बिल्ड करायला (चालण्याजोगा बनवायला) मोटिफ ही विकतची लायब्ररी लागायची. जगभरातल्या उत्साही लोकांनी कोड उतरवून घेतला खरा, पण हौस म्हणून बदल करणाऱ्यांसाठी ती पहिलीच भिंत होती.

चाचणी अशी घ्या. प्रकल्पाशी संबंध नसलेला मित्र किंवा शेजारचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी बोलवा. त्याचा स्वतःचा लॅपटॉप, बहुधा विंडोज, आठ जीबी रॅम. त्याला फक्त रेपोचा पत्ता द्या आणि मागे बसा. बोलायचं नाही. तो जिथे अडेल ते कागदावर लिहायचं. 'अरे, ते पायथनचं व्हर्जन आधी बदलावं लागतं' हे वाक्य तुमच्या जिभेवर आलं की समजायचं, रीडमीत एक ओळ कमी आहे. पुरे झाल्यावर त्या कागदावरची प्रत्येक गोष्ट दुरुस्त करा, आणि दुसऱ्या माणसाला बोलवा. पहिल्याला आता सगळं माहीत झालेलं असतं.

शेवटी दोनच कमांड उरायला हव्यात: एक सगळं बसवणारी, एक टेस्ट चालवणारी. टेस्ट यशस्वी झाल्या की स्क्रीनवर काय दिसेल, तेही रीडमीत जसंच्या तसं लिहा. डॉकर किंवा तयार डेव्ह-कंटेनर (सगळी साधनं आधीच बसवलेली इमेज) जरूर द्या, पण तोच एकमेव रस्ता ठेवू नका. हॉस्टेलवर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून काम करणाऱ्या पोराला दोन-तीन जीबीची इमेज उतरवायला लावणं म्हणजे त्याला नकोच म्हणणं.

चार फाइल्स

रीडमीत पहिल्या पाच ओळींत हे काय करतं, कुणासाठी, आणि सध्या कितपत चालतं ते सांगा. 'सध्या कितपत' हे महत्त्वाचं. 'एका फॉन्टचं रूपांतर नीट होतं, दुसऱ्यात रफार चुकतो, पेजमेकरच्या फाइल्स अजून उघडत नाहीत' असं लिहिलेलं वाचून माणूस लगेच ओळखतो की आपण कुठे उपयोगी पडू.

कॉन्ट्रिब्यूटिंग फाइलमध्ये नियम कमी आणि वाट जास्त असावी: कुठला फोल्डर कशासाठी, टेस्ट कुठे घालायची, मोठा बदल करण्याआधी इश्यू उघडून विचारा, उत्तर साधारण किती दिवसांत मिळेल. नवा इश्यू उघडताना गिटहब या फाइलची लिंक आपोआप दाखवतं. कोणत्या भाषेत लिहायचं तेही इथेच सांगून टाका. आपल्या कन्व्हर्टरसाठी मी म्हणेन: कोड आणि कमिट इंग्रजीत, इश्यू मराठीत किंवा इंग्रजीत, जसं जमेल तसं. कारण यातल्या चुका ज्यांना सगळ्यात आधी दिसतात ते डीटीपी ऑपरेटर आणि मुद्रितशोधक आहेत. त्यांना इंग्रजीत इश्यू लिहायला लावलंत तर ते येणारच नाहीत, आणि हा प्रकल्प त्यांच्याशिवाय सुधारणार नाही.

सिक्युरिटीची फाइल हवी, म्हणजे सुरक्षेतली फट सापडलेला माणूस ती जाहीर इश्यूत न टाकता खासगीत कळवेल. आचारसंहिता तयार मिळते ती घ्या, पण तक्रार कुणाकडे करायची तिथे खऱ्या, चालू असलेल्या ईमेलचा पत्ता घाला. टेम्प्लेटमधला नमुना पत्ता तसाच राहिलेला मी कितीतरी रेपोंत पाहिलाय.

सीआय आणि कुलपं

पब्लिक करण्याआधी प्रत्येक पुल रिक्वेस्टवर टेस्ट आपोआप चालायला हव्यात; यालाच सीआय म्हणतात. फॉरमॅटिंग आणि लिंटचं (कोडमधल्या ढोबळ चुका शोधायचं) कामही मशीनलाच द्या. 'इथे एक स्पेस जास्त आहे' हे माणसाने सांगितलं की टोचतं. बॉटने सांगितलं की कुणाला काही वाटत नाही.

कुलपं तीन. मुख्य ब्रँचवर थेट पुश बंद, तुमच्यासाठीसुद्धा. तुमचे बदलही पुल रिक्वेस्टनेच येऊ द्या, म्हणजे नव्या माणसाला तुमची कामाची पद्धत समोर दिसते. दुसरं, गिटहब ॲक्शन्समध्ये नवख्या कॉन्ट्रिब्यूटरच्या पुल रिक्वेस्टवर वर्कफ्लो (ठरवून दिलेली आपोआपची कामं) चालवण्याआधी मंजुरी मागणारी सेटिंग चालू ठेवा. तिसरं जास्त धोक्याचं. साध्या पुल-रिक्वेस्ट ट्रिगरमध्ये (वर्कफ्लो कधी चालायचा ते ठरवणाऱ्या खुणेत) फोर्कवरून आलेल्या कोडला तुमची सीक्रेट्स (साठवलेल्या चाव्या) मिळत नाहीत, पण पुल-रिक्वेस्ट-टार्गेट या ट्रिगरमध्ये वर्कफ्लोकडे ती असतात. त्यात अनोळखी माणसाचा कोड चेकआउट करून चालवलात तर चाव्या त्याच्या हातात दिल्यासारखंच आहे. गरज नसेल तर हा ट्रिगर वापरूच नका.

सोपे इश्यू लिहिणं अवघड असतं

रेपो उघडायच्या दिवशी त्यात नवख्यांसाठी आठ-दहा तयार इश्यू असायला हवेत. लिबरऑफिसने 'ईझी हॅक्स' नावाने हे फार नेटाने केलं. मूळ कोड स्टारडिव्हिजन या जर्मन कंपनीचा, त्यामुळे कमेंट जर्मनमध्ये. त्या इंग्रजीत आणायचं काम त्यांनी नवख्यांपुढे ठेवलं. कंपायलरशी झगडा नाही, काही मोडण्याची भीती नाही, आणि भाषांतर करता करता कोड वाचून होतो.

'गुड फर्स्ट इश्यू' हे लेबल नुसतं चिकटवून भागत नाही. '‌रफार नीट करा' असा एका ओळीचा इश्यू तुम्हाला सोपा वाटतो, कारण उरलेल्या वीस ओळी तुमच्या डोक्यात आहेत. त्या बाहेर काढा. आपल्या कन्व्हर्टरसाठी एक इश्यू असा लिहिता येईल:

"'वाऱ्यावर'चं रूपांतर 'वार्यावर' असं होतं. जुन्या फॉन्टमध्ये या ऱ्य-मधल्या अर्ध्या र साठी वेगळं चिन्ह आहे, पण आमच्या तक्त्यात ते साध्या रफाराकडे वळवलंय. बदल तक्त्याच्या फाइलमधल्या एकाच ओळीत आहे; ओळ शोधायला फाइलमध्ये 'रफार' शोधा. रूपांतरानंतर नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग य असा क्रम यायला हवा. साधा र, हलन्त आणि झिरो-विड्थ-जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) वापरूनही अक्षर तसंच दिसतं, पण आम्ही ती पद्धत वापरत नाही, कारण मग शोधताना शब्द सापडत नाही. शोधून-बदलून काम करू नका: 'सूर्यावर' तसाच राहायला हवा. टेस्टमध्ये या जोड्या घाला: दर्या आणि दऱ्या, आचार्यांना आणि आचाऱ्यांना. अंदाजे वेळ: एक संध्याकाळ. अडलात तर इथेच विचारा."

यात काय चुकतं, का चुकतं, कुठे बदलायचं, कुठला मोहाचा रस्ता टाळायचा, झालं हे कसं कळणार, हे सगळं आहे. असा एक इश्यू लिहायला अर्धा तास जातो, आणि तो बदल तुम्ही स्वतः दहा मिनिटांत केला असता. इथेच मन घट्ट करावं लागतं. तो करू नका, सोडा. आणि कुणी 'मी करतो' म्हणून नाव लावलं, तर दोन आठवडे थांबा, एकदा विचारा, मग दुसऱ्याला मोकळा करा.

लेबलांचा एक धोका लक्षात असू द्या. २०२०च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (पुल रिक्वेस्ट पाठवून बक्षीस मिळवायचा उपक्रम) टी-शर्टसाठी लोकांनी रीडमीत एखादं विशेषण वाढवून पुल रिक्वेस्टचा पाऊस पाडला, इतका की आयोजकांना नियम बदलून, जे रेपो स्वतःहून सहभागी होतील तेवढेच धरावे लागले. आता त्यात एआयने लिहिलेल्या पुल रिक्वेस्टची भर आहे. कर्ल या ओपन सोर्स टूलच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी एआयने बनवलेल्या खोट्या सिक्युरिटी रिपोर्टांबद्दल उघड तक्रार केली आहे. एआयवर सरसकट बंदी पाळता येणार नाही, पण कॉन्ट्रिब्यूटिंग फाइलमध्ये एवढं लिहा: पाठवलेल्या प्रत्येक ओळीचं स्पष्टीकरण पाठवणाऱ्याला देता आलं पाहिजे, नाहीतर बंद.

आधी तिघे-चौघे, मग गावभर

पब्लिक केल्या केल्या घोषणा करू नका. दोन आठवडे रेपो उघडा ठेवून तिथेच तुमचं रोजचं काम करा. चर्चा व्हॉट्सॲप ग्रुपवरून इश्यूत आणा. ही सवय मोडायला सगळ्यात जड जाते. फोनवर काही ठरलं तर फोन ठेवल्यावर इश्यूत तीन ओळी लिहा: काय ठरलं, का, काय नाकारलं. ओळखीच्या तिघा-चौघांना एकेक ठरावीक इश्यू सुचवून बोलवा. यामुळे बाहेरची माणसं येतील तेव्हा त्यांना मर्ज (मूळ कोडमध्ये सामील) झालेल्या पुल रिक्वेस्ट, त्यावरची चर्चा, उत्तरांचा सूर दिसेल. ओसाड रेपोत पहिलं पाऊल टाकायला कुणी धजत नाही.

मग सांगा, आणि नेमकं सांगा. 'आमचा प्रकल्प ओपन सोर्स झाला, कॉन्ट्रिब्यूट करा' याला लाइक मिळतात, माणसं मिळत नाहीत. 'पायथन येणाऱ्या तीन जणांची रफाराच्या टेस्ट लिहायला गरज आहे, आणि जुन्या फॉन्टमध्ये काम केलेल्या कुणाचीही, कोडिंग न येता' याने मिळतात. फॉस युनायटेड या ओपन सोर्सवाल्यांच्या संस्थेच्या शहराशहरांतल्या बैठका, पुण्यातला लिनक्स यूझर्स ग्रुप, कॉलेजांतले क्लब या जागा बऱ्या. गूगल समर ऑफ कोडचा (नवख्यांना ओपन सोर्समध्ये आणणारा कार्यक्रम) विचार पहिल्या वर्षी नको. तीन महिने मार्गदर्शन करायला मोकळा माणूस लागतो, आणि तुमच्याकडे तो नाही.

पहिली पुल रिक्वेस्ट आली

दोन दिवसांत काहीतरी उत्तर द्या, पूर्ण रिव्ह्यू नाही जमला तरी. 'पाहिलं, रविवारी नीट वाचतो' हेही चालतं. महिनाभर शांतता असेल तर माणूस गेला.

पहिल्या पुल रिक्वेस्टमध्ये चूक असणार. जे बरोबर आहे ते आधी सांगा, मग जास्तीत जास्त दोन-तीन मुद्दे काढा. बारीकसारीक असेल ते मर्ज केल्यावर स्वतः नीट करा. तिसऱ्या, चौथ्या पुल रिक्वेस्टला कडक व्हायला हरकत नाही. तोवर माणसाला कळलेलं असतं की राग कोडवर आहे, त्याच्यावर नाही. आपल्याकडे बरेच विद्यार्थी 'सर, प्लीज मर्ज करा' असं लिहितात. सर म्हणू नका असं एकदा हसून सांगा आणि त्यांच्या प्रश्नाला बरोबरीच्या माणसासारखं उत्तर द्या.

नकारही लवकर द्या. प्रकल्पाच्या कक्षेत न बसणारं फीचर कुणी लिहून आणलं, तर तीन महिने 'बघू' म्हणत ठेवण्यापेक्षा दुसऱ्याच दिवशी कारणासह नाही म्हणणं बरं. आणि असं फीचर दोन-तीनदा आलं, तर रीडमीत 'हे आम्ही करणार नाही' अशी एक छोटी यादी घाला.

मर्जचा अधिकार

चांगलं काम सलग काही महिने करणाऱ्याला आधी इश्यूंची वर्गवारी करायचा अधिकार द्या, मग रिव्ह्यूचा, मग मर्जचा. कशाच्या जोरावर कुणाला काय मिळतं हे लिहून ठेवा, नाहीतर तुमच्या मित्रांनाच मिळतं असा समज होतो, आणि तो बहुधा खराही असतो.

रिलीज काढायचा अधिकार मात्र जपून. मार्च २०२४मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांना एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीत मागचा दरवाजा (मुद्दाम लपवलेली चोरवाट) सापडला. तो घालणाऱ्या 'जिया टॅन' नावाच्या खात्याने दोनेक वर्षं रीतसर पॅच पाठवून विश्वास कमावला होता, आणि थकलेल्या एकट्या मेन्टेनरवर इतर खात्यांकडून दबाव येत होता की अधिकार वाटा. यावर उपाय म्हणजे नव्या लोकांवर संशय नाही. दोघांच्या संमतीशिवाय रिलीज निघणार नाही अशी अट घाला, रिलीजची फाइल सीआयमध्ये रेपोतल्या टॅगवरून तयार करा, कुणाच्या लॅपटॉपवर नाही. आणि थकलात तर 'दोन महिने मी नाही' असं रीडमीत सरळ लिहा.

तीन महिन्यांनी आकडे पाहाल तेव्हा स्टार (गिटहबवरच्या लाइक) मोजू नका. पहिली पुल रिक्वेस्ट मर्ज झालेल्यांपैकी किती जणांनी दुसरी पाठवली, ते मोजा. पाच जण आले आणि एकही परतला नाही, तर त्या पाचही जणांना एकेक ईमेल करून विचारा की कुठे अडलं. दोघे-तिघे तरी उत्तर देतात, आणि ते बहुतेक वेळा बिल्डबद्दल नाहीतर तुम्ही उशिरा दिलेल्या रिव्ह्यूबद्दल असतं.